नांगराची भूक आणि खुर्चीचे ताट

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की शहाडनंतर आंबिवली येते आणि आंबिवलीपुढे टिटवाळा. मुंबईपासून साठेक किलोमीटर. उल्हास आणि काळू या दोन नद्यांमधला हा पट्टा मुळात भाताचा. पावसात आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, झोडणी, आणि खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल, चवळी, हरभरा. पुढे शेजारी मोहन्याला नॅशनल रेयॉनचा मोठा कारखाना आला. घरोघरचा एखादा मुलगा पाळीवर जाऊ लागला. 2009 मध्ये तो कारखाना बंद पडला. आज काही खाचरे लावली जातात, काहींवर चाळी आणि इमारती उभ्या आहेत, आणि घरातली तरणी माणसे पहाटेच्या लोकलने मुंबई-ठाण्याला जातात, नाहीतर रिक्षा चालवतात, नाहीतर दुकानात बसतात.

एवढे सगळे बदलले. बदलले नाही ते एक. ताट.

आंबिवलीच्या कुठल्याही जुन्या घरात जेवणवेळी डोकावून पाहा. आजोबांनी उमेदीत जेवढा भात खाल्ला तेवढाच नातवाच्या पानात पडतो, आणि त्याने नको म्हटले तर आजी काळजीत पडते. पण आजोबा पहाटे पेज पिऊन निघत, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकत, डोक्यावरून भारे आणीत. नातू सकाळी फलाटावर दहा मिनिटे उभा राहतो आणि पुढे आठ तास खुर्चीवर असतो. तुमचे गाव नगर जिल्ह्यात असो की लातूरला, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला असेल तर ही गोष्ट तुमच्याही घरची आहे.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या देशातल्या माणसांना किती अन्न लागते याचे आकडे ठरवते. 2020 साली तिने दिलेले आकडे पाहा. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 कॅलरी पुरतात. मध्यम मेहनतीच्या माणसाला 2710 लागतात आणि अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्याला 3470. म्हणजे नांगरणारा आजोबा आणि खुर्चीवरचा नातू यांच्या गरजेत 1360 कॅलरींचे अंतर पडले. तांदळात मोजायचे तर हे अंतर पावणेचारशे ते चारशे ग्रॅम कच्च्या तांदळाचे झाले. शिजवून तो एक किलोच्या वर भात होतो! हे रोजचे जादा अन्न कुठे जाते, ते पँटच्या पट्ट्याला विचारा. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या 10 कोटींच्या वर असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतून 2023 साली पुढे आले. हा शहरी शेटजींचा रोग आहे असे म्हणण्याचे दिवस कधीच गेले.

आता कोणी म्हणेल, मग भात सोडा. आमचे तसे म्हणणे नाही. भातपिकाच्या गावात भाताला शत्रू ठरवणारा सल्ला पंधरा दिवस टिकतो आणि सोळाव्या दिवशी पातेले पुसून खाल्ले जाते. खाण्याची शिस्त ही मनोनिग्रहाची बाब आहे असे आपण समजतो, तिथेच घोटाळा होतो. दमून आलेल्या माणसापुढे वाफाळते पातेले ठेवायचे आणि त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करायची, हे बरोबर नाही. शिस्त पातेल्यात, वाटीत, वाण्याच्या यादीत आणि घड्याळात आधीच बसवून ठेवावी लागते. ती एकदा बसली की जेवताना विचार करावा लागत नाही.

वाढण्यापासून सुरुवात करा. आपल्या जुन्या पानाची मांडणी आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात-पोळी. हळूहळू डावी बाजू आटली. कोशिंबीर गेली, लोणचे तेवढे राहिले. उजवीकडची भाजी चमचाभर झाली. मधला ढीग मात्र पसरत पसरत काठाला लागला. पोषण संस्थेने 2024 मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाचा नमुना आहे. धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे-मटण मिळून 85 ग्रॅम, दाणे-तीळ वगैरे 35 ग्रॅम, दूध-दही 300 मिलिलिटर, तेल-तूप 27 ग्रॅम. धान्य आणि डाळीचे हे माप कच्च्याचे आहे, शिजलेल्याचे नव्हे. भाज्या आणि फळे मिळून निम्मे ताट होते. आपली डावी-उजवी बाजू परत भरली की काम झाले.

वाढताना आधी कोशिंबीर आणि उसळ द्या, मग भाकरी, आणि भात शेवटी. भाताचे पातेले पंगतीच्या मध्ये ठेवू नका, चुलीपाशी राहू द्या. प्रत्येकाची वाटी ठरवा. शेतावर जाणाऱ्याची मोठी, दुकानात बसणाऱ्याची लहान. एका घरात दोन मापे म्हणजे पंक्तिप्रपंच, असे वाटू देऊ नका. बैलाला आणि वासराला आपण सारखीच वैरण टाकतो का? आवणीच्या दिवसांत त्याच माणसाची वाटी मोठी करा आणि काम सरले की पुन्हा लहान. हे दुसरे फार जण विसरतात.

आता वाण्याच्या वहीकडे वळू. ताटातले तेल-मीठ मोजणे कठीण असते, पण महिन्याला घरात काय येते ते मोजता येते. घरात पाच मोठी माणसे धरा. माणशी 27 ग्रॅम तेल-तूप म्हणजे घराला रोज 135 ग्रॅम. या हिशोबाने 15 किलोचा तेलाचा डबा पावणेचार महिने पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती पुरतो? दीड महिन्यात संपत असेल तर घरातले प्रत्येक माणूस दुपटीहून अधिक तेल खाते आहे, मग भाजीवर तवंग दिसो वा न दिसो. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगितली आहे, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. पाच माणसांना एक किलोचा पुडा चाळीस दिवस. पण पापड, लोणचे, फरसाण आणि आमच्या पट्ट्यातले लाडके सुकट-बोंबील यांतून मीठ वेगळे येते, तेव्हा पुडा चाळीस दिवसांच्याही पुढे जायला हवा. सुकट दोनदा पाण्यातून काढून पिळून घ्या आणि आमटीत मीठ टाकण्याआधी चव घ्या. साखरेचे म्हणाल तर माणशी 25 ग्रॅमच्या आत राहणे उत्तम, असे त्याच संघटनेने 2015 मध्ये सांगितले. पाच जणांची महिन्याची पावणेचार किलो होते. त्यात गूळही धरायचा आणि बिस्किटांतली, शीतपेयांतली साखरही धरायची. गूळ म्हणजे औषध आणि साखर म्हणजे विष, हा भेद पोटाला फारसा कळत नाही.

आणि हाच हिशोब डाळीला लावला की उलटे चित्र दिसते. 85 ग्रॅमप्रमाणे पाच जणांना महिन्याला पावणेतेरा किलो डाळी-कडधान्ये हवीत. मासे-अंडी खाणाऱ्यांनी तेवढे वजा करावे. बहुतेक घरांत याच्या जवळपासही माल येत नाही. तेलाचा डबा लवकर संपतो आणि मुगाची पिशवी महिनाअखेर तशीच असते. दुकानदाराला सगळ्यांच्या घरचे आरोग्य ठाऊक असते ते यामुळेच!

भाजीचे माप पाच जणांना रोज दोन किलो होते, हे ऐकून गृहिणी हसतील. विकत घेऊन हे परवडणार नाही, कबूल. पण दाराशी चार हात जागा असलेल्या माणसाने दुधी, दोडका, माठ, अंबाडी विकत का घ्यावी? शेवग्याचे एक झाड शेंगा देते आणि पालाही देते. भांडी घासल्याचे राखमिश्रित पाणी पूर्वी अळूला जाई. आता त्यात साबण असतो, म्हणून भाजी-तांदूळ धुतलेले पाणी तेवढे वळवा.

पहाटेच्या गाडीवाल्यांचे दुखणे वेगळे आहे. घरून निघताना चहा आणि दोन बटर. गाडीतून उतरल्यावर चहा आणि बिस्किटे. दुपारी डबा. चारला चहा. परतताना कल्याणच्या फलाटाबाहेर वडापाव, आणि घरी दहाला पोटभर भात खाऊन साडेदहाला आडवे. वडापावाचा जन्म 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे सांगतात. गिरणीत पाळी करणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या पोट भरायला तो सोयीचा होता. त्याच्यावर आमचा राग नाही. पण बटाटा, बेसन, मैदा आणि तळण यांचा तो गोळा रोज संध्याकाळी, दिवसभर बसलेल्या पोटात कशासाठी? त्या दिवसाचा चहा मोजा. तीन कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम नुसती चहातून गेली.

यावर उपाय उपदेशाचा नाही, दुसऱ्या डब्याचा आहे. सकाळच्या स्वयंपाकातच एक लहान डबा जास्त भरा. भाकरी आणि कोरडी चवळीची उसळ, किंवा फुटाणे-दाणे आणि एक केळे. सहा-साडेसहाला परतीच्या गाडीआधी किंवा गाडीत जागा मिळालीच तर तिथे तो संपवायचा. मग कल्याणला वडा तळल्याचा वास आला तरी पाय आपोआप पुढे जातात, कारण पोटात काही असते. घरी आल्यावर आमटी, भाजी आणि अर्धी वाटी भात पुरतो. चहाची साखर एकदम बंद करू नका. आठवड्याला पाव चमचा कमी करा. दोन महिन्यांत दोन चमच्यांचा शून्य होतो आणि जिभेला पत्ता लागत नाही.

किती वेळा खावे, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे गावोगाव नेलेला मार्ग असा: खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, त्या दोनदाच खा, आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, मध्ये साखरेचा कणही नको. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत आल्या की उपाशी राहू नका, थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे, घरचे आणि आपल्या मुलखात पिकणारे खा. या दोन बाजूंवरून घराघरांत भांडणे झाली. एसटीत तर अनोळखी माणसे हमरीतुमरीवर आलेली आम्ही पाहिली आहेत. आमच्या मते शेतकरी घराने यात पंच होऊ नये. भांगलणी करणारी बाई आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांना एकच घड्याळ लागू पडत नाही. दोघांचे एकमत कुठे आहे ते पाहा. दोघांनाही मधल्या वेळची बिस्किटे आणि पुडीतले खारे पदार्थ नको आहेत. दोघांनाही घरचे अन्न हवे आहे. तेवढे धरले तरी तीन चतुर्थांश काम होते. मात्र एक ध्यानात ठेवा. दोनदाच जेवण्याचा मार्ग मुलांसाठी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळले तर साखर एकदम उतरून चक्कर येते, आणि ते जिवावर बेतू शकते.

टिटवाळ्याचा गणपती आमच्या एका स्टेशनावर. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, गाड्या भरून माणसे येतात. श्रद्धेबद्दल काही म्हणायचे नाही, पण उपवासाच्या ताटाबद्दल जरूर म्हणायचे आहे. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वेफर, संध्याकाळी पुन्हा साबुदाण्याचे वडे, आणि चंद्रोदय बहुधा नऊच्या पुढे, तेव्हा मोदकांसह भरले पान. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते चतुर्थीलाही लागू पडते. साबुदाणा आपल्या मातीतला तरी आहे का? तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो, कंदाच्या सत्त्वापासून बनतो, आणि त्यात पिठाखेरीज जवळजवळ काही नसते. त्याच्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, उकडलेले रताळे, ताक असे ठेवा. उपवासही राहतो आणि रात्री पानावर तुटून पडायची वेळही येत नाही.

आता थोडे घरच्या बाईबद्दल. यावर लिहिले की पुरुष वाचक पान उलटतात असा आमचा अनुभव आहे. या वेळी उलटू नका.

घरात सगळ्यात शेवटी जेवते ती. तोवर भाजी संपलेली असते, उसळीचा रस्सा उरलेला असतो, आणि भात मात्र भरपूर असतो. ती भात-रस्सा कालवते, वर लोणचे घेते. शिळी पोळी टाकवत नाही म्हणून तीही खाते, आणि मग भांडी घासण्याआधी बळ यावे म्हणून कपभर चहा घेते. त्याच 2020 च्या आकड्यांत पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह सांगितले आहे आणि बाईला 29. म्हणजे जिला दीडपट हवे तिच्या वाट्याला पातेल्याचा तळ. वर जेवणावरचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको, असे पोषण संस्थेने 2024 च्या तत्त्वांत सांगितले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अंगावर पाजणारी सून असेल तर तिला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात, आणि ती भातातून नव्हे तर उसळ, अंडी, दूध, दाणे यांतून मिळाव्यात.

सासूबाईंनी यात पुढाकार घेतला तर दुसऱ्या कुणाचे चालत नाही. स्वयंपाक झाला की पहिली वाटी उसळ आणि भाजी स्वयंपाक करणारीसाठी बाजूला काढून झाकून ठेवायची. कुणी मागितली तरी द्यायची नाही. शक्य असेल तिथे सगळ्यांनी एकत्र बसावे आणि लागेल ते हाताने वाढून घ्यावे. कारखान्याच्या कँटीनमध्ये, हापिसात पुरुष हाताने वाढून घेतातच, घरी हात दुखण्याचे कारण नाही. बाईच्या पानात लिंबाची फोड जरूर असू द्या. पालेभाजी आणि कडधान्यातले लोह लिंबाने जास्त अंगी लागते.

मुलांबद्दल एकच. शाळेतून आल्या आल्या हातात पाच-दहा रुपये ठेवण्याची सवय मोडा. त्या पैशांत मीठ-तेलाच्या पुड्यांशिवाय काही मिळत नाही. दाणे, गुळाचा लहान खडा, उकडलेली रताळी किंवा सकाळची भाकरी दह्याबरोबर त्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. मूल भुकेले आले की समोर दिसेल ते खाते. नाचणीची भाकरी आठवड्यातून तीन-चारदा करा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तांदळात त्याचा जेमतेम पाझर. आमच्या भागात डोंगरउतारावर नाचणी होई आणि गरिबाचे धान्य म्हणून ती मागे पडली. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून शहरात तिला चढा भाव आला आहे. ज्यांच्या शेतावर वरकस जमीन पडून आहे त्यांनी घरापुरती तरी टाकावी.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी. गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात, आंबिवलीसारखे महानगरपालिकेच्या हद्दीत असाल तर तिच्या आरोग्य केंद्रात. कंबर सुतळीने मोजून सुतळीला गाठ मारून ठेवली तरी चालेल. सहा महिन्यांनी तीच सुतळी पुन्हा धरा.

आता मृगाचा पाऊस पडला की मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया कल्याणच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतील. शेवळे, कुर्डू, टाकळा, भारंगी, पुढे कंटोळी. शेवळे घ्याल तर त्यांच्याच टोपलीतले काकडे मागून घ्या, नाहीतर घसा खाजेल. टाकळ्याची कोवळी पानेच खुडा, दाण्याचे कूट आणि भिजवलेली चणाडाळ घालून परता, आणि तेल मोजून टाका. या भाज्यांचे दिवस थोडे असतात, तेव्हा एका जुडीवर भागवू नका, पाच माणसांना चार तरी आणा. आणि बाजारातून येताना तेलाचा नवा डबा आणलात, तर तो फोडाल त्या दिवशी त्यावर खडूने तारीख घाला.